अकिकाचा लाल मणी

जपमाळेत 108 मणी, मुसलमानांच्या तसबीहमध्ये 33 किंवा 99. जैनांच्या नवकारवाळीत पंचपरमेष्ठींच्या 108 गुणांसाठी 108, तर ख्रिस्ती रोझरीत दहा-दहा मण्यांचे पाच गट. संख्या ज्याने त्याने आपापली ठरवली. या माळांसाठी गुजरातेत खंभातला जो अकिकाचा लाल मणी घडतो, तो मात्र या सगळ्या हिशेबांहून जुना आहे.

अकीक खाणीतून लाल निघत नाही. भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या टेकड्यांतून खणून काढलेले गोटे मातकट, करडे असतात. ते उन्हात वाळवून, मडक्यात भरून गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजतात. दगडातल्या लोहामुळे रंग पालटतो. आच एकदम वाढली तर गोटा तडकलाच. घडाईची रीत तर बघत राहावी अशी. जमिनीत टोकदार लोखंडी सळई रोवलेली असते. तिच्या टोकाला दगड टेकवायचा आणि पलीकडून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलका ठोका द्यायचा. टवका उडतो तो हातोडीच्या नव्हे, सळईच्या बाजूने. भोक पाडायला सामता. त्याच्या टोकाला हिऱ्याच्या कण्या. अर्धं भोक एका बाजूने, अर्धं दुसऱ्या.

हडप्पाकाळी हिऱ्याची कणी नव्हती. पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांनी 1935-36 मध्ये सिंधमधल्या चन्हुदडोला मण्यांचा कारखाना उजेडात आणला. तिथल्या सामत्यांना एका विलक्षण कठीण दगडाचं टोक असे. पुरातत्त्वज्ञ मार्क केनोयर यांनी पुढे मॅके यांच्या नावावरून त्याला ‘अर्नेस्टाइट’ म्हटलं. त्या टोकाने तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडतं आणि तेव्हाचे काही मणी बोटाहून लांब! एवढा धीर धरणाऱ्या कारागिरांचे मणी इराकमधल्या उरच्या राजकबरींपर्यंत पोहोचले, त्याला साडेचार हजार वर्षं झाली.

या व्यापारात आपलं पैठणही होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवहीत पैठणहून भरूचच्या बंदरात गाड्या भरभरून येणाऱ्या अकीकवर्गीय दगडांची नोंद आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांतच हे दगड धरतात.

रतनपूरला बाबा घोर या आफ्रिकी वंशाच्या सूफी संताचा दर्गा आहे. अकिकाचा धंदा त्यांनी वाढवला असं त्यांना मानणारा आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज सांगतो, आणि दर्ग्यावर हिंदूही जातात. मणी अरबस्तानात, पूर्व आफ्रिकेत गेले ते याच मुलखातून.

या कारागिरीची किंमत मात्र फुप्फुसं मोजतात. चाकावर अकीक घासताना उडणाऱ्या धुळीने खंभातच्या कारागिरांना सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. काम बहुधा घरातच चालतं, त्यामुळे धूळ बायकामुलांच्याही छातीत जाते. पाणी सोडून घासणं, धूळ ओढणारे पंखे बसवणं हे उपाय माहीत आहेत. ते प्रत्येक चाकापर्यंत पोहोचवायची जबाबदारी सरकारची आणि माल उचलणाऱ्या व्यापाऱ्यांची आहे.