प्रोस्टेट कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा विकास (१९०४ ते २०२३) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणारी लहान ग्रंथी होय. तिच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास केवळ नव्या उपकरणांचा नाही. रुग्णाचा जीव वाचविताना त्याचे पुढील जगणे कितपत अबाधित ठेवता येईल, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने प्रमुख टप्प्यांचा आढावा घेतला आहे.

प्रारंभीचा काळ :
७ एप्रिल १९०४ रोजी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. ह्यू हॅम्प्टन यंग यांनी वृषण व गुदद्वार यांच्यामधील भागातून छेद घेऊन संपूर्ण ग्रंथी काढली. १९४५ मध्ये लंडन येथे कार्यरत असलेले आयरिश शल्यविशारद टेरेन्स मिलिन यांनी ग्रंथीच्या साध्या वाढीसाठी ओटीपोटातून, जघनास्थीच्या मागून जाणारा मार्ग मांडला. पुढे तोच कर्करोगासाठीही स्वीकारला गेला. तथापि अतिरक्तस्राव, लघवीवरील ताबा सुटणे आणि लैंगिक क्षमता नष्ट होणे या दुष्परिणामांमुळे अनेक रुग्ण व डॉक्टर या शस्त्रक्रियेपासून दूर राहिले.

शरीररचनेचा शोध :
डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी प्रथम ग्रंथीसमोरील शिरांच्या जाळ्याचा अभ्यास करून रक्तस्राव आटोक्यात आणला. १९८१ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांच्यासह त्यांनी मृतजात अर्भकाच्या शवविच्छेदनातून लैंगिक क्षमतेशी संबंधित नसांचा मार्ग शोधला. या नसा ग्रंथीच्या आवरणाबाहेरून जातात, म्हणजेच त्या वाचविता येतात, हे स्पष्ट झाले. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी या ज्ञानावर आधारित पहिली नियोजित शस्त्रक्रिया केली.

दुर्बीण व रोबो :
१९९८ पासून पॅरिसमधील गियोनो व व्हॅलॉन्सियाँ यांनी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेची पद्धत रुजविली. २००० नंतर डेट्रॉइट येथे भारतीय वंशाचे डॉ. मणी मेनन यांनी रोबोच्या साहाय्याने ती विकसित केली. यामुळे रक्तस्राव घटला. परंतु ब्रिस्बेन येथील २०१६ च्या तुलनात्मक चाचणीत लघवीवरील ताबा व लैंगिक क्षमता यांबाबत, १२ आठवड्यांनंतर, खुल्या व रोबो शस्त्रक्रियेत लक्षणीय फरक आढळला नाही.

निष्कर्ष :
ब्रिटनमधील १६४३ रुग्णांच्या दीर्घ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. १५ वर्षांत या रोगाने झालेले मृत्यू सक्रिय देखरेख, शस्त्रक्रिया व किरणोपचार या तिन्ही गटांत सुमारे ३ टक्के किंवा त्याहून कमीच होते. यावरून असे दिसते की, या इतिहासातील निर्णायक प्रगती यंत्रापेक्षा शरीररचनेच्या अचूक ज्ञानाने घडविली. आणि शस्त्रक्रिया कशी करावी याइतकाच ती कोणावर व केव्हा करावी हा विवेकही महत्त्वाचा ठरतो.