बंदूक एकाची, बार दुसऱ्याचा



रानडुकरांनी रातोरात भुईमूग उकरला, की घरातल्या ठासणीच्या बंदुकीची आठवण होते. परवाना असतो घरधन्याच्या नावाचा. पण बार काढला पुतण्याने, आणि शेजारचा माणूस जखमी झाला, तर दोष कुणाचा? चाप ओढणाऱ्याचा, की बंदूक हाती देणाऱ्याचाही? उत्तरासाठी जरा मागे जाऊ या.

1857 च्या उठावानंतर प्रजेच्या हातच्या शस्त्राचा परक्या सरकारला धाक वाटू लागला. 1878 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती, युरोपियनांना मात्र मोकळीक! परवाना म्हणजे सरकारची मेहेरनजरच. हा अपमान लोकांना डाचत राहिला. 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविषयी ठराव केला. 1931 च्या कराची ठरावात तर, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्कच म्हणून मांडला.

पुढे स्वराज्य आले. 1948 च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. नवल वाटते ना? ज्यासाठी भांडलो, तेच नाकारले! पण विचार करा. परक्यांच्या राज्यात सवाल होता, 'आम्हांला शस्त्र का नाही?' आपल्या राज्यात सवाल झाला, 'माझ्या शस्त्रापासून शेजारी सुरक्षित आहे ना?'

1878 च्या कायद्याची जागा 1959 च्या कायद्याने घेतली. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय त्यात आहे. पण समोरच्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे की नाही, याची खात्री न करता ते त्याच्या हवाली करणे, हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीने लग्नात वा समारंभात बेपर्वाईने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

मग मालकाची जबाबदारी कुठवर? माझ्या मते, जे त्याला टाळता आले असते, तिथवर. चोराने कुलपातली पेटी फोडून बंदूक नेली आणि मालकाने लागलीच ठाण्यावर वर्दी दिली, तर चोराचे पाप त्याच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. पण भरलेली बंदूक पोरांच्या हाताला लागेल अशी खुंटीवर ठेवायची, आणि मागाहून 'चाप मी ओढला नाही' म्हणायचे, हे चालणार नाही.

गुरुजी, इतिहासाच्या तासाला 1878 आणि 1959 ही दोन साले फळ्यावर शेजारी-शेजारी मांडा आणि मुलांना विचारा, प्रजा आणि नागरिक यांत फरक कोणता? आणि शेतकरी दादा, घरात बंदूक असेल तर आज निजण्यापूर्वी एवढेच पाहा : ती रिकामी आहे ना, आणि कुलपाची किल्ली कुणापाशी आहे?