पडदे रंगवणाऱ्यांची शाळा

मराठीची पदवी हाती पडताच ‘आता गेम डेव्हलपमेंट शिकू का?’ असे विचारणारे विद्यार्थी अलीकडे आमच्याकडे येतात. भाषेच्या अध्यापकांनी यावर काय सांगावे? कोल्हापुरात राहणाऱ्यांना मात्र हा प्रश्न अगदीच नवा वाटू नये. तंत्र नवे, शिकवणारी संस्था नाही आणि पोटाची शाश्वती नाही, अशी वेळ या गावातील काही तरुणांवर शंभर वर्षांपूर्वी आली होती.

आनंदराव व बाबूराव मेस्त्री हे नात्याने भाऊ नाटकमंडळींचे पडदे रंगवीत. फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तो स्वतःच घडवायचे त्यांनी ठरवले. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. पुढे विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूराव पेंटरांनी कॅमेरा सिद्ध केला आणि गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. ‘सैरंध्री’ १९२० मध्ये प्रदर्शित झाला.

ही कंपनी हेच त्या काळचे विद्यापीठ होते. तेथे अभ्यासक्रम नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. शांतारामबापू तेथे पडेल ते काम करीत दिग्दर्शनापर्यंत पोहोचले. दामल्यांचा प्रवास तर अधिक बोलका आहे. पडद्यांच्या रंगकामातून ते कॅमेऱ्याकडे वळले; १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ स्थापन झाली आणि बोलपट आल्यावर त्यांनी ध्वनिमुद्रण आत्मसात केले. पुढे १९३६ मध्ये फत्तेलालांसह त्यांनी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. हातातले यंत्र तीनदा बदलले. शिकण्याची सवय तेवढी टिकली.

याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग तुकोबांचाच आहे, असा अनेकांचा समज झाला. आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी ती ही गोष्ट. परंपरेचा असा मुरलेला अभ्यास नव्या माध्यमाला लागतोच. गेममध्येही पात्र, संवाद, कथानकाच्या फुटणाऱ्या वाटा कोणाला तरी लिहाव्या लागतात.

तथापि या इतिहासाचे गोडवे गाऊन भागणार नाही. कारखान्यातले शिक्षण आश्रयदात्यावर आणि मालकाच्या मर्जीवर अवलंबून असते. दार कोणासाठी उघडेल, हे ठरलेले नसते. महाराष्ट्र फिल्म कंपनी अल्पावधीत बंद पडली. ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्याच आवारात १९६० मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, म्हणजे ‘सैरंध्री’नंतर तब्बल ४० वर्षांनी. अॅनिमेशन व गेमिंगसाठी कार्यदल नेमण्याची घोषणा केंद्रीय अर्थसंकल्पात झाली ती २०२२ मध्ये. संस्था नेहमी कलेच्या मागून येते.

म्हणून विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगतो : अभ्यासक्रम निवडताना तेथील संगणक मोजू नका. चित्रकार, प्रोग्रामर आणि लेखक एकत्र बसून एखादा छोटासा का होईना, पण पूर्ण गेम तेथे करतात का, ते पाहा. करीत नसतील, तर दोन मित्र जमवून आपणच करा. आज शिकलेले सॉफ्टवेअर उद्या बदलेल, आणि नोकरीची हमी कोणतीही पदवी देत नाही. पण पुरे केलेले काम दाखवता येते. बाबूरावांजवळही दाखवायला तेवढेच होते.