खरखर, घरघर आणि शांतता

रेडिओचा इतिहास लिहिलेला आहे, सिनेमाचा तर कपाटं भरून आहे. पण घरातल्या यंत्रातून आवाज येईनासा झाला की माणसं काय करत आली, याचा इतिहास कुणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे जिथे तिथे सनावळी शोधायची खोड लागली आहे. सध्या नात्यातल्या निम्म्या घरांत टीव्हीखाली तो लांबट साउंडबार आला आहे आणि आठवड्याला एक तरी फोन येतो, "काका, आवाज येत नाही." आमच्याकडचा बार मी पुस्तिका वाचून नीट लावला, ही बातमी लग्नाकार्यात पसरली त्याचा हा परिणाम. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहितो. पण मास्तर माणूस, तेव्हा आधी इतिहास ऐकून घ्यावा लागेल!

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन उद्घाटनाला होते. प्रक्षेपक दीड किलोवॅटचा, पोच साधारण तीस मैल. ऐकण्यासाठी वर्षाला दहा रुपये भरून परवाना काढावा लागे. १९२९ संपताना सगळ्या हिंदुस्थानात मिळून आठ हजारही परवाने नव्हते आणि १९३० मध्ये कंपनी बुडाली. त्या काळचे स्वस्त संच स्फटिकाचे असत. स्फटिकाच्या खड्यावर बारीक तार टेकवायची, बरोबर जागा सापडली तर कानाला लावलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज यायचा. धक्का लागून तार हलली की सगळं शांत, पुन्हा जागा शोधत बसा. म्हणजे बिघाड आणि दुरुस्ती हा ऐकण्याचाच भाग होता. आणि ऐकायचं ते एकट्याने.

घरभर आवाज करणारा कर्णा ज्या तत्त्वावर चालतो, तो राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये जगापुढे मांडला. लोहचुंबकात तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू. वेटोळं थरथरलं की शंकू हवेला ढकलतो. गंमत म्हणजे शंभर वर्षं झाली तरी हा भाग बदललेला नाही. आजच्या साउंडबारमध्येही तेच आहे. बदललं ते त्याच्या मागचं सगळं.

माझ्या पिढीचा रेडिओ व्हॉल्व्हचा. लाकडी खोका, पुढे कापड, काचेची पट्टी आणि तिच्यावर फिरणारा काटा. खटका दाबल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागायचं, मग लांबून यावा तसा आवाज वर यायचा. छताखाली जाळीच्या पट्टीची एरियल आणि मागून निघालेली अर्थची तार नळाला बांधलेली. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्याचं केंद्र सुरू झालं आणि १९५५ च्या रामनवमीपासून गीतरामायण. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसत, हे थोरल्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की आपणच पाहिल्यासारखं वाटतं. अशा वेळी रेडिओ बंद पडणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

त्या रेडिओचे आजार तीन प्रकारचे. खरखर आली तर एरियल बघा, नाहीतर व्हॉल्यूमचा कान झिजलाय. एकसारखी घरघर आली तर विजेचं पाणी आत झिरपतंय, म्हणजे कन्डेन्सर वाळलाय. आणि पूर्ण शांतता असली तर मागच्या भोकांतून बघायचं, कुठला व्हॉल्व्ह पेटलेला नाही. सिलोन मात्र न्यारं. शॉर्टवेव्ह वरच्या हवेतल्या विद्युतभारित थरावर आपटून येते, तो थर हलता, त्यामुळे गीतमाला ऐन रंगात आली की आवाज बुडायचा आणि आपोआप वर यायचा. रेडिओवर थापट मारणारे काका मात्र आपल्या थापटीनेच आवाज आला असं समजत.

(थापटीची थट्टा पूर्ण खरी नाही. लूज काँटॅक्ट असेल तर थापट चालायची. साउंडबारवर चालत नाही. आमच्या मेहुण्यांनी तोही प्रयोग केला आहे.)

ट्रान्झिस्टरचा शोध डिसेंबर १९४७ चा, बाजारात आलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ १९५४ चा. आमच्याकडे तो शेताच्या बांधावर पोचला तो पुढच्या दशकात. सेल उन्हात ठेवून आणखी दोन दिवस चालवायचे, हे सगळ्यांना ठाऊक. मग १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली. तिची दुरुस्ती तर शाळेतल्या कंपासपेटीतच होती, सहा कोनांची पेन्सिल! फीत गुंतली की चाकात पेन्सिल घालून फिरवायची. आवाज दबका झाला तर हेडवर कापूस आणि स्पिरिट, तरीही सुधारला नाही तर हेडशेजारचा बारीक स्क्रू डिसमिसने किंचित फिरवायचा.

कॅसेटमागे कायम एक ‘सूं’ असा आवाज असे. तो कमी करणाऱ्या युक्तीला ज्यांचं नाव मिळालं, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. इथून गेल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडनला स्वतःची प्रयोगशाळा काढली. आज बऱ्याच साउंडबारच्या खोक्यावर त्यांचं नाव छापलेलं असतं. त्या नावामुळेच अर्धे फोन येतात, ते पुढे सांगतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हाचा टीव्ही म्हणजे पोटभर जागा असलेलं कपाटच. स्पीकर मोठा, आणि बहुतेकदा तोंड आपल्याकडे. पुढे २००० नंतर टीव्ही पातळ झाले. चित्र मोठं झालं पण स्पीकरला जागा उरली नाही, त्यांची तोंडं खाली जमिनीकडे नाहीतर मागे भिंतीकडे. माणूस समोर बसलाय आणि बोलणारा भिंतीशी बोलतोय, तर कळणार काय? साउंडबार या अडचणीतून फोफावला. तशी त्याची कल्पना थोडी जुनी, अल्टेक लान्सिंगने १९९८ मध्ये एक केला होता. २००४ च्या अखेरीस यामाहाने भिंतींवर आवाज आपटवून चहूबाजूंनी आल्याचा भास देणारा काढला.

आता आमच्या घरचं. सौ. सत्तरीच्या आहेत. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्या मालिकेच्या वेळेला आतल्या खोलीत जाऊन बसू लागल्या. विचारलं तर "तुम्ही बघा, मला कंटाळा येतो." कंटाळा नव्हता. संवाद कळत नव्हते, आणि दर वाक्याला "काय म्हणाला?" विचारायचा संकोच वाटत होता. आम्ही आवाज वाढवला की त्यांना जास्तच त्रास व्हायचा. याचं कारण मराठीच्या मास्तरला चटकन समजण्यासारखं आहे. वय झालं की कान आधी वरच्या पट्टीला अधू होतात. स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, ते ऐकू येतात. क, त, प, स, श ही व्यंजनं मात्र वरच्या पट्टीतली आणि नाजूक. साप, ताप, काप, शाप हे चारही शब्द त्यांना नुसते ‘आप’ ऐकू यायचे. आवाज वाढवला की ‘आ’ मोठा होतो, ‘स’ नाही. त्यात पार्श्वसंगीताचा ढोल. म्हणून ज्यांच्या घरी ज्येष्ठ माणसं आहेत त्यांनी आवाज वाढवण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. बारच्या रिमोटवर संवादासाठी वेगळं बटण असतं, ‘व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ असं काहीतरी, ते चालू करावं. ढोलकीच्या डब्याचा, म्हणजे सबवूफरचा, जोर उतरवावा आणि तो कोपऱ्यातून बाहेर काढावा, कोपऱ्यात घुमतो. आणि बार शोकेसच्या कप्प्यात आत ढकलू नये, कडेला आणून ठेवावा. एवढ्याने सौ.ना दहातली सात-आठ वाक्यं कळू लागली. उरलेल्यांसाठी कानाच्या डॉक्टरांकडे जावं लागलं, ते बारचं काम नव्हे.

आता फोनवरचे प्रश्न. ‘काहीच आवाज नाही’ हा सर्वांत मोठा. एचडीएमआयची तार टीव्हीच्या ज्या भोकाशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलंय त्यातच हवी. आवाज टीव्हीकडून उलट बारकडे पाठवायची ही सोय २००९ मध्ये आली आणि ती बहुधा एकाच भोकाला असते. बाकीची भोकं दिसायला तशीच, पण मुकी. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘टीव्ही स्पीकर’ऐवजी बाहेर पाठवायला सांगायचं आणि ‘सीईसी’ चालू करायचं. हे दुसऱ्या नावांनी दडलेलं असतं, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. तरी नाही आला तर दोन्हींच्या पिना भिंतीतून काढून पाच मिनिटं थांबायचं, आधी टीव्ही लावायचा, मग बार. हसू नका, दहातल्या चार फोनांचं उत्तर हेच निघालं आहे.

प्रकाशाची तार, म्हणजे ऑप्टिकल, वापरत असाल तर टोकाला लाल उजेड दिसतोय का बघा. नवीन तारेच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची टोपणं असतात. आमच्या पुतण्याने टोपणासकट खुपसून आठ दिवस दुकानदाराशी भांडण केलं.

जुनी वाहिनी लावली तर आवाज येतो, पण एखादा नवा सिनेमा लावला की शांतता, असं असेल तर ती डॉल्बीसाहेबांची भानगड. टीव्ही ज्या लिपीत आवाज पाठवतोय ती बारला वाचता येत नाही. टीव्हीच्या डिजिटल आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’च्या जागी ‘पीसीएम’ करा. ही बाळबोध लिपी, सगळ्यांना वाचता येते. चहूबाजूंचा थाट थोडा कमी होतो, पण शांततेपेक्षा बरं.

‘ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो’ ही तक्रार ऐकली की मला तंबूतला सिनेमा आठवतो. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या कडेला असते, पण त्याच चित्राच्या शेजारी नसते. ती साधारण वीस चित्रं पुढे छापलेली असते, कारण भिंगासमोर फिल्म थांबत थांबत सरकते आणि आवाजाच्या दिव्यापुढून मात्र ती एकसंथ जावी लागते. सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे अंतर पाऊण सेकंदाहून थोडं जास्त. ऑपरेटरने मधल्या वेटोळ्याची लांबी चुकवली की नायिका तोंड मिटल्यावर गायची आणि तंबूत शिट्ट्या! आज कारण वेगळं, रोग तोच. टीव्हीला चित्र सजवायला वेळ लागतो, तेव्हा आवाज आधी पोचतो. त्यासाठी ‘ए व्ही सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’मध्ये आवाज थोडा रोखून धरायचा. उलट आवाज मागे पडत असेल तर तो आकडा शून्यावर आणा. आणि बार ब्लूटूथवर चालत असेल तर सरळ तार जोडा. ब्लूटूथला आवाज बांधून सोडायला वेळ लागतोच. गाण्यांना ते ठीक आहे, संवादांना नाही.

सबवूफर मध्येच गप्प होत असेल तर त्याची आणि बारची फारकत झालेली असते, पुस्तिकेप्रमाणे पुन्हा जोडणी करायची. वायफायचा डबा आणि मायक्रोवेव्ह त्याच्यापासून लांब ठेवावेत, तिघांचीही बोलायची हवा बहुधा एकच असते. रिमोट टीव्हीला लागेनासा झाला तर बार टीव्हीच्या डोळ्यापुढे आलाय का बघा, दोन बोटं खाली घ्या.

घरघर मात्र मर्फी-बुशच्या जमान्यातून जशीच्या तशी चालत आलेली आहे. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते आणि तोच सूर कुठल्याही कर्ण्यातून डोकावतो. केबलची जाड तार टीव्हीतून क्षणभर काढून बघा. घरघर थांबली तर दोष तिच्या अर्थिंगचा. सगळी यंत्रं एकाच पट्टीवर, तीन पिनांच्या, खऱ्याखुऱ्या अर्थिंगच्या जागेवर लावा.

हे सगळं करूनही दिवाच लागत नसेल तर आधी अडॅप्टर तपासून घ्यावा. तो चांगला निघाला तर आतलं काम, ते घरी उघडू नये, पिन काढल्यावरही आत वीज साठून राहते. आमच्या शेजाऱ्यांचा बार तिसऱ्या वर्षी असा मेला. सेवा केंद्रात सांगितलं, दुरुस्त होत नाही, नवीन घ्या. आमच्या पेठेत व्हॉल्व्हच्या रेडिओपासून काम करणारे एक गृहस्थ अजून दुकान उघडतात. त्यांच्याकडे आम्ही दोघं रिक्षातून तो घेऊन गेलो. त्यांनी झाकण काढलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "गुरुजी, कन्डेन्सर फुगलेत." दोन बदलले, तीनशे रुपये घेतले आणि जुने कन्डेन्सर कागदाच्या पुडीत बांधून शेजाऱ्यांच्या हातात दिले.