आरोग्यनिर्णयातील यंत्रावलंबन

प्रथम संज्ञा निश्चित करू. स्वतःच्या देहाबाबत औषध, आहार किंवा तपासणी यांसंबंधी केलेली निवड म्हणजे आरोग्यनिर्णय. विचारलेल्या शब्दांना अनुसरून नवी वाक्ये रचणारी चॅटजीपीटीसारखी प्रणाली म्हणजे जनरेटिव्ह एआय. पुढे तिला केवळ ‘यंत्र’ म्हटले आहे. यंत्राच्या उत्तराची अन्यत्र पडताळणी न करता त्यानुसार वागणे म्हणजे अवलंबन. रिपोर्टमधील ‘क्रिएटिनिन’ म्हणजे काय, हे यंत्राला विचारणे अवलंबनात मोडत नाही. तेथे निवड घडलेली नसते.

आरोग्यनिर्णयाचे पाच टप्पे आहेत : (१) निरीक्षण, (२) कथन, (३) अनुमान, (४) कृती, (५) अनुवर्तन. चिकित्सक पोट दाबून पाहतो, कथनातील उणीव प्रतिप्रश्नाने भरून काढतो, तीन दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगतो. पाचही टप्प्यांशी त्याचा संबंध राहतो. यंत्र बहुधा दुसऱ्यावरून तिसरा टप्पा गाठते. परिणामी कथनाच्या मर्यादा त्याच्या अनुमानालाही लागू होतात.

यावरून दोषांचे दोन प्रकार संभवतात : (अ) असत्य उत्तर, (आ) सत्य, पण अप्रस्तुत उत्तर. पहिला दोष ग्रंथाशी ताडून उघड होतो. दुसरा त्या कसोटीतून निसटतो, म्हणून तो अधिक घातक.

अमेरिकेत २०२५ साली प्रसिद्ध झालेला एक रुग्णवृत्तांत दुसऱ्या प्रकाराकडे निर्देश करतो. मिठाचे अपाय वाचून साठ वर्षांच्या एका गृहस्थाने आहारातून क्लोराइड वर्ज्य करण्याचे ठरवले. चॅटजीपीटीला विचारून त्याने तीन महिने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड वापरले. शेजारी विषप्रयोग करत असल्याच्या संशयाने तो रुग्णालयात आला. पुढे त्याला भास होऊ लागले. मूळ संभाषण चिकित्सकांना मिळाले नाही. त्यांनी स्वतः विचारून पाहिले, तेव्हा क्लोराइडला पर्याय म्हणून ब्रोमाइडचे नाव आले. संदर्भ महत्त्वाचा असल्याचे उत्तरात नमूद होते, ‘कशासाठी हवे?’ हा प्रश्न मात्र नव्हता. रसायनशास्त्रात जे ग्राह्य, ते आहारात विष ठरले. रक्ततपासणीनेही प्रथम दिशाभूल केली : ब्रोमाइडमुळे क्लोराइड वाढलेले दिसले. परंतु तेथे चौकशी पुढे चालू राहिली आणि ब्रोमाइडच्या विषबाधेचे निदान झाले. तात्पर्य, अनुमान दोन्हीकडे चुकू शकते. भेद आहे तो दुरुस्तीच्या सोयीचा.

डॉक्टर दूर असतो, फी परवडत नाही, असे अवलंबनाचे समर्थन केले जाते. हे खरे आहे. पण त्यातून गरज सिद्ध होते, पात्रता नव्हे. गरज मान्य केल्यास पुढील नियम निष्पन्न होतो. परिणामदृष्ट्या यंत्राची उत्तरे द्विविध असतात : ‘दाखवून घ्या’ आणि ‘दाखवण्याची गरज नाही’. पहिले चुकल्यास एक खेप आणि फी वाया जाते. दुसरे चुकल्यास हानी भरून निघेलच असे नाही. डेंग्यूत धोक्याचा काळ अनेकदा ताप उतरतानाच सुरू होतो. ‘ताप उतरला’ एवढ्याच कथनावरून काढलेले आश्वासक अनुमान तेव्हा सर्वांत अविश्वसनीय असते. म्हणून पहिल्या प्रकारच्या उत्तरावरील अवलंबन क्षम्य, दुसऱ्यावरील त्याज्य. औषध थांबवणे, मात्रा बदलणे किंवा नवा पदार्थ पोटात घेणे सुचवणारी उत्तरेही दुसऱ्याच प्रकारात गणावीत.