ओटा आणि एलिव्हेशन

गेल्या महिन्यात लातूरहून धाकट्या चुलतभावाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'भाईजान, एलिव्हेशन फायनल करायचंय, बघून सांगा.' आमच्या औशाच्या जुन्या घराचं नवं तोंड कॉम्प्युटरवर तयार होऊन आलं होतं. करड्या टाइल्स, काचेचं रेलिंग, दारावर सोनेरी अक्षरांत 'माशाअल्लाह' आणि गाडी चढवायला रॅम्प. ओटा कुठेच नव्हता.

लातूर-नांदेडकडे 'एलिव्हेशन' हा शब्द आता गवंड्यापासून नवरीच्या मामापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. सोयरिकीला आलेले पाहुणे आत शिरण्याआधी मान वर करून पाहून घेतात. मी याला हसत नाही. पण आमच्या घरांची तोंडं मुळात पाहुण्यांसाठी बांधलेलीच नव्हती.

मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर आठवा. काळ्या दगडाची उंच भिंत, मध्ये जाडजूड लाकडी दार, दाराच्या दोन्ही बाजूंना ओटा. रस्त्याकडे खिडकी बहुधा नाहीच. उजेड यायचा तो आतल्या चौकातून. घराची श्रीमंती सांगायची तर किती खणांचं आहे ते सांगत, आणि खण मोजायला आत जावं लागे. लोक सहज म्हणून जातात, मुसलमानांची घरं पडद्यामुळे अशी बंद. तसं असेल तर आमच्या शेजारच्या लिंगायत वाण्याचं आणि पलीकडच्या पाटलांचं घर हुबेहूब तसंच का होतं? पेंढारी, मग रोहिले, अशा लुटीच्या धास्तीत या मुलखाने पिढ्या काढल्या. ज्याच्या घरात दाणे आणि चार दागिने, त्याने भिंत आंधळी ठेवली. उन्हाळ्यात ती थंडावाही देई, हा वरचा फायदा.

लोकांना बोलावणारं तोंड पाहायचं तर ते लातूरच्या गंजगोलाईचं. १९१७ सालची ती गोल पेठ, सोळा रस्ते येऊन मिळतात. आराखडा फैयाजुद्दीन यांचा, असं लातूरकर सांगतात. पण ती बाजारपेठ. दुकानाला गिऱ्हाईक हवं असतं, घराला नको असतं.

सप्टेंबर १९४८ मध्ये भीती फिरली. आधी रझाकारांचा धुमाकूळ, मग पोलीस ॲक्शन, आणि त्यामागून मुस्लीम वस्त्यांवर जे ओढवलं ते. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर, औसा तेव्हा उस्मानाबादेतच. दादी त्या दिवसांबद्दल फार बोलत नसे. एवढंच सांगायची, की दार आतून अडसर लावून बंद होतं आणि बाहेर ओट्यावर पलीकडचे पाटील घोंगडी टाकून तीन रात्री बसून होते. 'दरवाजा तो लकडीच का था. हमना पाटील बचाया.' आमच्या घरात ओट्याला एवढा मान का, हे धाकट्याला माहीत नाही. तो जन्मला तेव्हा दादी गेलेली होती.

तिसरी भीती खुद्द भिंतीतूनच आली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. सरकारी आकड्यानुसार जवळपास ८ हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक आपापल्या घराच्या दगडामातीखाली. नंतर इंजिनिअरांनी जे सांगितलं ते मला अजून अस्वस्थ करतं. बाहेरून नीट रचलेला दगड, आतून दुसरा थर, आणि मधल्या पोकळीत चिपा नि माती. दोन्ही थरांना आरपार सांधणारा बंधाचा दगड नाही. हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले आणि वरचं फूट-दोन फूट मातीचं माळवद खाली आलं. म्हणजे ज्या दर्शनी भागाचा अभिमान, त्यानेच आतली पोकळी झाकली होती.

त्यानंतर मराठवाड्यात दगड बदनाम झाला. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, सारख्या तोंडाची घरं, जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची. लोकांनी लगेच काय केलं असेल? पुढे कुंपणाची भिंत घातली, दार बसवलं, ओटा बांधला. सरकारने दिलेल्या घराला त्यांनी आपल्या ओळखीचं तोंड लावून घेतलं.

नांदेडला माझ्या मावशीच्या घराचं तोंड तर रस्त्याने नेलं. २००८ च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या तयारीत रस्ते रुंद झाले. तिच्या भिंतीवर लाल रंगाची खूण पडली, आणि बैठकीची खोली अर्धी राहिली. शहराला तो रस्ता हवा होता, हे मावशीही मान्य करते. मात्र तिचं दार आता थेट गटाराच्या झाकणावर उघडतं, आणि चपला काढायला जागा नाही.

मी धाकट्याला फोन केला. म्हटलं, भिंत पाड. मनापासून म्हटलं. १९९३ ला ती आतून फुगली होती, अब्बांनी वर गिलावा करून वेळ मारून नेली होती. त्या भिंतीखाली आता त्याची मुलं झोपतात. कॉलम घे, बीम घे, हव्या त्या टाइल्स लाव. फक्त ओट्याचं बघ. मग पाटलांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, 'भाईजान, गाडी कुठं लावू मग?'

परवा त्याने पुन्हा फोटो पाठवला. भिंत उतरली आहे. ओट्याचे दगड चुन्याने नंबर टाकून लिंबाखाली रचून ठेवलेत, एकूण सव्वीस. एका बाजूला ओटा आणि दुसऱ्या बाजूला रॅम्प बसतो का, ते गवंडी मोजून सांगणार आहे.