लेकराच्या श्वासनळीचा डॉक्टर कसा घडतो?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

भुईमूग काढणीला आला की आमच्याकडे एक बातमी येतेच. शेंगदाणा श्वासनळीत अडकून बालकाचा मृत्यू. कधी दाणा असतो, कधी हरभरा, कधी चिंचोका. वीसेक वर्षांत ही बातमी मी किती वेळा लिहिली, मोजलेलं नाही. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं : 'पुढील उपचारासाठी मोठ्या शहरात हलवण्यात आले, मात्र वाटेतच...'

मोठ्या शहरात म्हणजे कुणाकडे? तिथला डॉक्टर असं काय शिकलेला असतो, जे इथल्या डॉक्टरला जमत नाही? या प्रश्नामागे शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी एक हिशेब. नवजात बाळाच्या श्वासमार्गाचा सगळ्यात अरुंद भाग जेमतेम ४ ते ५ मिलिमीटरचा असतो. ४ मिलिमीटरच्या नळीला आतून चारी बाजूंनी एकच मिलिमीटर सूज आली, तर हवेला उरतो पाव रस्ता. तेवढ्याच सुजेनं मोठ्या माणसाचा फार तर घसा बसेल. म्हणजे लहान मूल हे मोठ्या माणसाचं छोटं माप नाही. त्याच्या घशाचं काम वेगळं, हत्यारं वेगळी आणि हातही वेगळा लागतो.

एकोणिसाव्या शतकात मुलांचा श्वास कोंडणारा मोठा शत्रू होता घटसर्प. घशात पापुद्रा धरायचा आणि मूल गुदमरायचं. गळ्याला छेद देऊन नळी घालणं हाच उपाय, आणि त्यातही बरीच मुलं जायची. १८८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या अनाथ बालकांच्या रुग्णालयात डॉ. जोसेफ ओ'ड्वायर यांनी तोंडातूनच स्वरयंत्रात धातूची छोटी नळी बसवायची पद्धत बसवली. नळी घालायची बोटाच्या अंदाजानं. पुस्तक वाचून हे येत नाही, जाणत्याच्या शेजारी उभं राहून शिकावं लागतं.

१८९७ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनळीत अडकलेलं हाड नळीतून बघत तोंडावाटे बाहेर काढलं. छाती न फाडता. पण ही विद्या लेकरांपर्यंत नेली ती अमेरिकेतल्या शेव्हेलियर जॅक्सन यांनी. आधी पिट्सबर्ग, मग फिलाडेल्फिया. मुलांच्या घशातून, श्वासनळीतून काढलेली प्रत्येक वस्तू हा माणूस जपून ठेवायचा. सेफ्टी पिना, नाणी, गुंड्या, सुया, दाणे. दोन हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह आजही फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये खणाखणांत मांडून ठेवलाय.

जॅक्सन यांचं दुसरं काम मला जास्त मोठं वाटतं. ते शिकवायचे. दुर्बिणीची नळी हातात आली म्हणजे ती वापरता आली असं नाही, हे त्यांचं पक्कं मत. सरावासाठी त्यांनी बाहुलीसुद्धा वापरली. आणि तिसरं काम : त्या काळी घरोघरी साबणासाठी कॉस्टिक असायचं, मुलं ते प्यायची आणि अन्ननळी जळून आवळायची. जॅक्सन वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागले. १९२७ साली अमेरिकेत कायदा झाला आणि अशा डब्यांवर 'विष' असं लिहिणं सक्तीचं झालं.

आता गंमत बघा. ही वेगळी शाखा उभी राहिली ती वैद्यकशास्त्राच्या यशातूनच आलेल्या एका संकटामुळे. घटसर्प लसीनं आटोक्यात आला. १९६५ साली मेलबर्नच्या बाल रुग्णालयातल्या मॅकडोनाल्ड आणि स्टॉक्स या डॉक्टरांनी, बाळाच्या नाकातून श्वासनळीत घातलेली प्लॅस्टिकची नळी बरेच दिवस ठेवता येते, हा अनुभव मांडला. कमी दिवसांची, काचेच्या पेटीतली बाळं जगू लागली. पण नळी दिवसेंदिवस घासून काहींच्या श्वासनळीला आतून व्रण पडायचे आणि ती आवळायची. मूल वाचलं, पण गळ्याला छिद्र आणि त्यात नळी, असं आयुष्य पुढ्यात.

ही मुलं बघायची कुणी? बालरोगतज्ज्ञ शस्त्रक्रिया करत नाहीत आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांचा हात मोठ्या माणसांवर बसलेला. टोरंटोचे ब्लेअर फिअरन आणि रॉबिन कॉटन यांनी आवळलेल्या श्वासनळीत कूर्चेचा तुकडा बसवून ती रुंद करण्यावर काम केलं. कॉटन १९७३ मध्ये सिनसिनाटीच्या बाल रुग्णालयात गेले. तिथे बरगडीच्या कूर्चेची ही शस्त्रक्रिया घडत गेली आणि ती शिकायला जगभरातून डॉक्टर येऊ लागले. पिट्सबर्गला चार्ल्स ब्लूस्टोन यांनी १९७५ मध्ये मुलांच्या कान-नाक-घशाचा स्वतंत्र विभाग उभा केला. १९८५ मध्ये या डॉक्टरांची अमेरिकेत संघटना झाली. याच काळात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचकांड्यांच्या भिंगांमुळे बारीक दुर्बिणीतूनही लख्ख दिसू लागलं.

आज ज्याला 'फेलोशिप' म्हणतात, ती इथून आली. आपल्याकडे एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मग एमएस तीन वर्षं, आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षं फक्त लेकरांचे कान-नाक-घसे. त्यात जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवणं येतं, आवळलेली श्वासनळी रुंद करणं येतं आणि अडकलेला दाणा काढणंही येतं. दाणा काढताना ज्या नळीतून डॉक्टर चिमटा घालतो, त्याच नळीतून मूल श्वास घेत असतं. म्हणजे भूल देणारा आणि शस्त्रक्रिया करणारा, दोघांची वाट एकच. ही जोडी एकमेकांना सरावलेली नसेल तर सेकंदांत खेळ होतो.

आपण निवडणुकीत मागतो 'सुसज्ज रुग्णालय'. इमारत होते, फीत कापली जाते, आम्ही फोटो छापतो. पण असे आजार विरळ असतात. एका तालुक्यात वर्षाला मोजकी मुलं येतील, तेवढ्यावर कुणाचाच हात बसत नाही. म्हणून प्रत्येक तालुक्यात असा तज्ज्ञ मागणं मला पटत नाही. आपण मागायचं ते साखळी. गावात ओळखणारा डॉक्टर, वेळेत नेणारी गाडी आणि दोन-तीन तासांच्या अंतरावरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात असा तयार हात.

या साखळीच्या काही कड्या आहेत. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्यात जन्मजात बहिरेपण येतं. १०८ची गाडी २०१४पासून आहे. मुंबईत परळचं वाडिया बाल रुग्णालय तर १९२९ सालचं. पण मधली कडी? तुमच्या आमदारांना विचारायचा प्रश्न साधा आहे : आपल्या विभागाच्या मेडिकल कॉलेजात रात्री दोन वाजता लेकराच्या श्वासनळीतला दाणा काढणारा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ आहे का? नसेल, तर तिथल्या किती डॉक्टरांना हे शिकायला पाठवलं?

तोवर आपल्या हातात जे आहे ते करूया. जॅक्सन यांनीही नुसते दाणे काढले नाहीत, डब्यावर 'विष' लिहायला लावलं.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. कूट करून द्या. खाताना पळवू नका, हसवू नका.

ठसका लागला आणि मूल जोरात खोकत असेल, तर खोकू द्या. घशात आंधळेपणानं बोट घालू नका, दाणा आणखी आत जातो. आवाजच फुटत नसेल, तर वर्षाच्या आतल्या बाळाला डोकं खाली ठेवून हातावर पालथं घ्या, पाठीवर पाच थापा द्या, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबा. मोठ्या मुलाला पाठीवर थापा आणि मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर झटका. दाणा निघेपर्यंत आलटून पालटून करत राहा. दुसऱ्यानं तोवर १०८ लावावा.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट. कधी कधी ठसका थांबतो, मूल खेळायला लागतं, आपण विसरतो. दाणा मात्र आतच असतो, फुगत असतो. साध्या एक्स-रेत तो दिसत नाही. मग पुन्हा पुन्हा खोकला, एकाच बाजूचा न्यूमोनिया आणि दम्याचे पंप सुरू. डॉक्टरांना एवढं एक वाक्य सांगायला विसरू नका : 'दाणे खाताना ह्याला ठसका लागला होता.'

त्या एका वाक्यावरून डॉक्टरला दुर्बिणीची आठवण होते. अंगणवाडीच्या, शाळेच्या ग्रुपवर ही पोस्ट टाका. आणि आमदारांकडून काही उत्तर आलं, तर मला कळवा, मी ते छापतो.